सातबारा सगळे बघतात, फेरफार कोण वाचतो?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन वाचा. विषय जमिनीचा आहे, म्हणजे प्रत्येक घरातला आहे.

२०२५ पासून राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, असा तिचा हेतू. चांगलं काम आहे. तेव्हापासून बांद्याच्या बाजारात, बसस्टॉपवर, मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर एकच चर्चा: आमचं नाव लागलं का? मोबाईलवर सातबारा उघडायचा, नाव शोधायचं, दिसलं की सुटकेचा श्वास. नाही दिसलं की तलाठ्याला फोन.

मी पोटापाण्यासाठी कॉम्प्युटरवर डेटाबेस सांभाळायचं काम करतो. त्यामुळे सातबारा बघताना माझं लक्ष नावाआधी नावाशेजारच्या त्या छोट्या आकड्याकडे जातं. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर तो गोल करून लिहिलेला असायचा, आता छापील कंसात येतो. तो फेरफार क्रमांक. हे नाव इथे कधी आलं आणि कशामुळे आलं, हे तो आकडा सांगतो. सातबारा म्हणजे आज काय आहे. फेरफार म्हणजे हे असं का झालं. आणि जमिनीचं भांडण कधीच 'आज काय आहे' यावरून होत नाही, ते 'हे असं का झालं' यावरूनच होतं.

आता ही वही आली कुठून ते बघू.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांकडून इंदापूरपासून नव्याने मोजणी सुरू केली. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीला पक्कं रूप दिलं. शेताला नंबर, नंबराला क्षेत्र, क्षेत्राला आकार. आपण आजही 'सर्वे नंबर' म्हणतो तो तिथला. पण त्या कागदाला एवढंच ठाऊक होतं की सारा कोणाकडून घ्यायचा. शेतावर आणखी कोणाकोणाचा हक्क आहे, गहाण आहे का, कूळ कोण, हे त्यात नव्हतं. ते लिहायला १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा वेगळा कायदा आला आणि १९१३ साली तो जमीन महसुलाच्या मुख्य कायद्यात घेतला गेला. गावच्या दप्तराचे एक ते एकवीस नमुने ठरले. त्यातला सातवा हक्काचा आणि बारावा पिकाचा. हे दोन नमुने एका कागदावर आले म्हणून 'सातबारा'. आणि सहावा नमुना म्हणजे फेरफार नोंदवही.

बांद्याची गोष्ट थोडी वेगळी. आपण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात नव्हतो, सावंतवाडी संस्थानात होतो. विजापूरकरांच्या काळात बांद्याला आदिलाबाद म्हणत, तिथपासून या गावाने राज्यं बदलताना पाहिली आहेत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, मुंबई राज्याचे कायदे इकडे लागू झाले आणि आपण रत्नागिरी जिल्ह्यात आलो. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. १९९९ मध्ये सावंतवाडीतून दोडामार्ग तालुका वेगळा निघाला. शेत तिथेच, तेरेखोल तिथेच, पण कागदाच्या डोक्यावरचा जिल्हा आणि शेजारच्या गावांच्या कागदावरचा तालुका बदलत गेला. बांद्यावरून जाणाऱ्या हायवेचंच बघा. जुन्या कागदात तो राष्ट्रीय महामार्ग १७ आहे, नव्यात ६६. रस्ता तोच. पण आजोबांच्या वेळची भूसंपादनाची नोटीस नातवाने काढली तर त्याला वाटायचं, हा दुसराच कुठला रस्ता!

फेरफाराची पद्धत ज्यांनी बसवली त्यांना दाद द्यावीशी वाटते. व्यवहार झाला, मृत्यू झाला, वाटप झालं, कोर्टाचा आदेश आला की आधी नमुना सहामध्ये नोंद होते. तिला नवा क्रमांक मिळतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात. मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावर हात लावायचा. आणि जुनं नाव खोडून टाकायचं नाही. त्याला कंस करायचा. आपल्याकडे म्हणतातच ना, 'त्याच्या नावाक कंस झालो'. म्हणजे हक्क गेला, पण नाव वाचता येतं. कोण होता ते कळतं.

कॉम्प्युटरच्या जगाला हेच शहाणपण यायला वेळ लागला. एडगर कॉडने १९७० मध्ये माहिती तक्त्यांत कशी बांधावी याचा पाया घातला. पण अशा तक्त्यात नवं लिहिलं की जुनं जातं. बँका, विमा कंपन्या, सरकारं सगळ्यांनाच कधी ना कधी प्रश्न पडला: गेल्या वर्षी या तारखेला इथे काय होतं? मग ठिकठिकाणी बदलांची वेगळी वही ठेवणं सुरू झालं. जुनं रूप कायम ठेवणाऱ्या तक्त्यांची सोय डेटाबेसच्या आंतरराष्ट्रीय मानकात २०११ साली आली. ती वाचताना मला आपला नमुना सहा आठवला. बदल नोंदवायचा, क्रमांक द्यायचा, तारीख द्यायची, मंजूर कोणी केला ते लिहायचं आणि जुनं पुसायचं नाही. आमच्या धंद्यात याला व्हर्जन ठेवणं म्हणतात. आपल्या चावडीत हे शंभर वर्षांपूर्वी शाईने चालत होतं.

मग गोंधळ कुठे झाला? माझ्या मते दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे पुनर्लेखन. पीकपाहणीचे रकाने भरले, कागद जीर्ण झाला की साधारण दर दहा वर्षांनी सातबारा नव्याने लिहीत. तेव्हा कंस झालेली नावं मागे ठेवून चालू नोंदी नव्या कागदावर उतरवायच्या. कल्पना सरळ आहे. पण तलाठी माणूस आहे. शंभर-दोनशे सातबारे उतरवताना कुठे एक बहीण राहिली, कुठे 'इतर हक्क' रकान्यातला विहिरीचा किंवा वाटेचा हक्क राहिला. मागे कोणताही फेरफार नाही, म्हणजे हक्क कायद्याने गेलेला नाही. फक्त नव्या कागदावर आलेला नाही. पुढच्या पिढीने नवा कागद पाहिला आणि तोच खरा मानला.

दुसरं ठिकाण जास्त खोल आहे. वहीतली माहिती बदलते तसा वहीचा साचाही बदलतो. कुठले रकाने, कुठलं एकक, एका रकान्यात किती नावं. आम्ही याला डेटा मॉडेल म्हणतो. माहिती बदलली की फेरफार पडतो. साचा बदलला की कोणताच फेरफार पडत नाही. आणि साच्यात जे मावत नाही ते गुपचूप गळतं.

१ एप्रिल १९५७ ही तारीख घ्या. त्या दिवशी देशात दशमान नाणी आली, आणे-पै गेले, नवे पैसे आले. आणि त्याच दिवशी मुंबई राज्यात कुळकायद्याचा कृषक दिन होता, कसणारं कूळ मालक मानलं जाण्याचा दिवस. एकाच तारखेला पैशाचा हिशेबही बदलला आणि जमिनीच्या मालकीचाही. दुसऱ्या बदलावर आजही केसेस चालू आहेत. पहिल्याकडे कोणी बघत नाही, पण त्यातही गंमत आहे. कोकणात भावांचे हिस्से आणे-पैत लिहायचे. सोळा आण्यांच्या पै होतात १९२. तीन भाऊ असतील तर प्रत्येकाला ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. काटेकोर तिसरा हिस्सा, एक पै इकडे-तिकडे नाही. तोच हिस्सा दशांशात लिहायला गेलात तर ०.३३ आणि तिघांची बेरीज ०.९९. उरलेला एक टक्का कोणाचा? भावाभावांत भांडण लागायला आपल्याकडे एवढं पुरतं.

एकर-गुंठ्याचं तेच. एकराचे ४० गुंठे. जुन्या कागदावर '२-२०' म्हणजे अडीच एकर, हेक्टरमध्ये साधारण १ हेक्टर १ आर. तेच आकडे हेक्टर-आरच्या रकान्यात वाचले तर २ हेक्टर २० आर, दुपटीहून जास्त. आकडा तोच, रकान्याचा अर्थ बदलला. म्हणून जुन्या उताऱ्यावरचा आकडा वाचण्याआधी वर एकक काय लिहिलंय ते बघा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न: एका रकान्यात मावत नाहीत अशा माणसांचं काय? 'ए.कु.मॅ.' ही अक्षरं तुमच्या जुन्या सातबाऱ्यावर हमखास सापडतील. एकत्र कुटुंब मॅनेजर. चार भाऊ, दोन बहिणी, विधवा चुलती असं अख्खं घर आणि रकान्यात नाव फक्त थोरल्याचं. त्या काळी घर एकत्र होतं, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, चाललं. मग थोरला गेला, त्याच्या मुलांनी वारसतपास केला आणि रकान्यात फक्त त्याच्याच मुलांची नावं आली. यात लबाडी दर वेळी असतेच असं नाही. रकान्याने जेवढं विचारलं तेवढंच उत्तर दिलं गेलं. बाकीचे कुठे मुंबईत, कुठे गोव्यात नोकरीला. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क मिळाला, पण ज्या घरात आत्याचं नाव ए.कु.मॅ.च्या मागे कायमचं दडलं, तिथे तो हक्क शोधायलासुद्धा जुना फेरफारच काढावा लागतो.

आपल्याच तालुक्यात वर घाटमाथ्यावर याचं सगळ्यात ठळक उदाहरण आहे. आंबोली, गेळे, चौकुळ. तिथे जमीन 'कबुलायतदार गावकर' पद्धतीची. गावकऱ्यांनी मिळून सरकारला कबुलायत लिहून द्यायची, मिळून सारा भरायचा, आपसात वहिवाट ठरवायची. संस्थानी काळापासूनची व्यवस्था. पण सातबाऱ्याच्या साच्याला 'सगळे मिळून' हे उत्तर पचत नाही. त्याला नाव पाहिजे, हिस्सा पाहिजे. पुढे त्या जमिनींवर सरकारचं नाव लागलं आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारी माणसं कागदावर कोणीच उरली नाहीत. मोर्चे, उपोषणं, बैठका, निर्णय, कित्येक वर्षं यात गेली. राजकारण असेलच. पण मुळात एक जिवंत व्यवस्था रकान्यात बसली नाही, हे त्या प्रश्नाचं बीज आहे.

पत्रादेवी ओलांडून गोव्यात जा. तिथे सातबारा नाही, 'एक-चौदा' आहे. नमुना एक हक्काचा, नमुना चौदा पिकाचा, १९६८ च्या गोव्याच्या महसूल कायद्याखालचा. शिवाय पोर्तुगीज काळातली भूनोंदणी वेगळीच. बांद्यातल्या कित्येक घरांचे सोयरे पलीकडे आहेत, काहींच्या जमिनीही. माती तीच, भातही तेच. पण एकाच कुटुंबाची जमीन दोन साच्यांत लिहिलेली. साचा माणसाने ठरवलेला असतो, तो निसर्गनियम नाही, हे समजायला आपल्याइतकं सोयीचं गाव नाही.

आता कॉम्प्युटर. केंद्राने १९८८-८९ मध्ये भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना सुरू केली. पुढे आपल्या राज्यात सातबारे संगणकात भरले गेले. भरला गेला तो त्या वेळचा सातबारा. त्यामागची फेरफारांची रास कपाटातच राहिली. पुनर्लेखनात जे राहून गेलं होतं ते तसंच आत गेलं, शिवाय टायपिंगच्या चुका वेगळ्या. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा जुळेना, म्हणून २०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचन झालं, गावात उतारे वाचून दाखवून दुरुस्त्या केल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २ सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने सातबाऱ्याचा नमुनाच बदलला.

हा २०२० चा बदल मला मनापासून आवडतो. त्यात शेवटचा फेरफार क्रमांक आणि तारीख आली. प्रलंबित फेरफार आहे की नाही ते आलं. मयत आणि कमी झालेल्या नोंदींवर आडवी रेष आली, गावाचा कोड आला, शेतीला हेक्टर-आर-चौरस मीटर असं एकक स्पष्ट झालं. म्हणजे कागद आता स्वतःच सांगतो की मी अमुक तारखेपर्यंतचा आहे आणि माझ्यात बदल येऊ घातला आहे. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत झालं की तलाठ्याला ऑनलाइन कळतं आणि फेरफार तयार होतो. पूर्वी यासाठी चपला झिजायच्या. जे चांगलं झालं ते चांगलं म्हणायलाच हवं.

पण मागची रास? राज्याने जुने अभिलेख स्कॅन करून टप्प्याटप्प्याने उपलब्ध करायला सुरुवात केली आहे. स्कॅन म्हणजे फोटो. फोटो असणं आणि आजच्या नावाशेजारच्या क्रमांकावर बोट ठेवलं की तो १९६२ चा फेरफार समोर उघडणं, यात फरक आहे. तो सांधा जोपर्यंत जुळत नाही तोपर्यंत आपल्याकडे आजचा सातबारा एकीकडे आणि त्याचा इतिहास दुसरीकडे आहे. आणि कागदाचा भरवसा किती? पावसाळ्यात तेरेखोलचं पाणी बाजारात कुठपर्यंत येतं, हे बांदेकरांना मी काय सांगणार.

कायद्याचं एक वाक्य लक्षात ठेवा. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. महसुली नोंदीने मालकी तयार होत नाही, हे कोर्टांनी अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे नाव गळलं म्हणून हक्क संपत नाही, आणि नाव लागलं म्हणून तो पक्का होतोच असंही नाही. सिद्ध करायला लागतो तो मागचा माग, आणि तो माग फेरफारात असतो. कलम १५५ खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती मागता येते, पण चूक उतरवण्यातली आहे हे दाखवायलासुद्धा जुना कागदच हातात लागतो.

म्हणून माझं म्हणणं दोन भागांत.

सरकारकडे मागणं: जुन्या फेरफारांचे नुसते फोटो नकोत, ते आजच्या नोंदीला जोडा. यापुढे सातबाऱ्याचा नमुना बदलाल तेव्हा बदलाआधीची प्रत जशीच्या तशी जपा आणि कुठल्या रकान्यातलं काय कुठे गेलं याचा तक्ता लोकांसमोर ठेवा. ए.कु.मॅ. नोंदी काढताना फक्त शेवटच्या नावाचे वारस लावू नका, मूळ एकत्र कुटुंबाचा फेरफार वाचून सगळ्या शाखा तपासा. आणि चावडीवाचन एकदाच होऊन संपू नये. मे महिन्यात किंवा गणपतीत ठेवा, चाकरमानी गावात असतात तेव्हा.

आपल्या घरी करायचं: तुमच्या गटाचा आजचा सातबारा आणि आठ-अ काढा. त्यावरचे सगळे फेरफार क्रमांक एका वहीत उतरवा. मग तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्या फेरफारांच्या नकला मागा, जमतील तेवढ्या मागे जा. जुना हस्तलिखित सातबारा मिळाला तर शेजारी ठेवून नावं, 'इतर हक्क' आणि एकक ताडून बघा. जुने मोडीतले कागद असतील तर रद्दीत घालू नका, वाचणारे अजून आहेत. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला बसवून वंशावळ लिहून घ्या, आत्या आणि मावश्यांसकट.

तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. उद्या सातबाऱ्याचाही साचा पुन्हा बदलेल, रकाने वाढतील, कमी होतील. होऊ देत. आपल्या माणसांची नावं त्या बदलात गळू नयेत एवढं बघणं मात्र सरकारइतकंच आपल्याही हातात आहे. सातबारा फुकट बघता येतो म्हणून सगळे बघतात. फेरफाराच्या नकलेला थोडे पैसे आणि एक-दोन फेऱ्या लागतात. त्या फेऱ्या मारा. म्हातारी माणसं आहेत तोवर मारा.